खाली कसं यायचंय?

गावात त्याला सगळे मापाडी म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे मापाडी. तो धान्य मोजत नसे, माणसं मोजायचा. बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी, लिफ्टच्या खुर्च्या जिथून वर निघतात तिथून वीस पावलांवर एक दुकान होतं. तिथे स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायच्या फळ्या, भाड्याने मिळत, विकतही मिळत, आणि कोणाच्या पायाखाली कुठला बोर्ड जाणार हे गेली सव्वीस वर्षं हा एकच माणूस ठरवत होता. त्याची बायको गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून ती सगळ्या गावाची बाई. या गोष्टीत नवऱ्याला 'तो' आणि बायकोला 'त्या' म्हटलेलं दिसेल. त्याला इलाज नाही. गावात तसंच होतं, आणि मापाड्याची त्याला कधी हरकत नव्हती.

दुकानात शिरलं की पायाखाली लोखंडी जाळी लागायची. बुटांचा बर्फ वितळून तिच्याखालून वाहून जाई. डावीकडे बाकडी, बाकड्यांच्या मागे बुटांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर रंगाने काढलेला नंबर. उजवीकडे भिंतभर बोर्ड उभे, आखूड दाराशी आणि लांब आतल्या बाजूला. मागच्या खोलीत बोर्डाच्या कडांना धार लावायचं यंत्र होतं आणि मेण लावायची इस्त्री. त्या गरम मेणाचा वास मापाड्याच्या स्वेटरला कायमचा चिकटलेला. बाई म्हणायच्या, आमचे हे घरी यायच्या आधी यांचा वास घरी येतो.

मापाड्याचे प्रश्न तीन. वजन किती? पायाचा नंबर किती? आणि खाली कसं यायचंय? उंची तो कधीच विचारत नसे. दुकानाच्या जुन्या मालकांनी भिंतीवर उंचीची पट्टी रंगवून घेतली होती. बोर्ड शेजारी उभा करायचा, हनुवटीला टेकला की तो तुमचा, असा त्यांचा साधा हिशेब. मापाड्याने दुसऱ्याच हंगामात त्या पट्टीवर कोट अडकवायच्या खुंट्या ठोकल्या. "बोर्डाला तुमची हनुवटी दिसत नाही," तो म्हणायचा. "त्याला कळतं ते वजन. मग डोकं कुठे का असेना." लिफ्टच्या तारा सांभाळणारा तारमास्तर वेताच्या काठीसारखा उंच आणि तितकाच हलका, त्याला त्याने आखूड बोर्ड दिला. पावाच्या भट्टीची मालकीण त्याच्या खांद्याला लागायची, पण अंगाने भरलेली. तिला दिला लांब आणि ताठ. ती आधी रागावली, "मला काय शिडी देताय का?" म्हणाली. संध्याकाळी येऊन तिने काहीच न बोलता तोच बोर्ड पूर्ण हंगामासाठी ठेवून घेतला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं लोक सांगतात. मापाडी पाय बघून अंथरूण शोधायचा.

पायाचा नंबर तो रुंदीसाठी विचारी. बुटाचं टोक बोर्डाच्या कडेबाहेर बोटभर आलं तर चालतं. दोन बोटं आलं की वळताना बर्फ खरवडतं, आणि माणूस तोंडघशी पडतो. बोलण्यात बऱ्याच जणांचे पाय लहान होतात, तसंच वजनही. म्हणून सांगितलेल्या वजनात तो मनातल्या मनात तीन किलो घालायचा. पुरुषांनी सांगितलेल्या धाडसातून निम्मं काढून टाकायचा. धाडस तिसऱ्या प्रश्नात यायचं. खाली कसं यायचंय? कोणी म्हणे उड्या मारत. त्याला आखूड आणि लवचिक. कोणी म्हणे झाडांमधून, ताज्या भुसभुशीत बर्फातून. त्याला लांब आणि रुंद नाकाचा. सुसाट म्हणणाऱ्याला लांब आणि ताठ. सगळ्यात जास्त येणारं उत्तर होतं 'जिवंत'. त्यासाठी दाराजवळची मऊ बोर्डांची अख्खी रांग राखून ठेवलेली असे.

शेवटी पाठीत हलकासा धक्का. समोरच्या भिंतीवरची सूचना वाचा म्हणायचं आणि वाचताना मागून ढकलायचं. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो बोर्डावर पुढे. हे सगळं तो एका पिवळ्या कार्डावर लिहून ठेवायचा आणि कार्डं लाकडी पेटीत. गावातल्या निम्म्या माणसांचं खरं वजन त्या पेटीत होतं, आणि त्यातलं एकही कधी बाहेर फुटलं नव्हतं. त्याचं स्वतःचं कार्ड मात्र तिथे नव्हतं. त्याचा बोर्ड दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा, तिशीत घेतलेला, कडा झिजून सुऱ्या झालेल्या. रोज संध्याकाळी शेवटच्या खुर्चीतून तो वर जाई, आणि उतारावर कोणी मागे राहिलं नाही ना बघत सगळ्यांच्या शेवटी खाली येई. नवा घ्या म्हटलं की म्हणे, "हा मला ओळखतो."

बाईंच्या वर्गाची खिडकी उताराकडे उघडायची. एकतीस वर्षं त्यांनी त्या खिडकीशी बसून वह्या तपासल्या आणि संध्याकाळी एक ठिपका खाली येताना पाहिला. ठिपका पायथ्याशी पोचला की त्या वह्या मिटून घरी निघायच्या. स्वतः कधी त्या उतारावर गेल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी घरात काम, इतर दिवशी हाताला पोरांची रांग. मग त्या हंगामाच्या सुरुवातीला त्या निवृत्त झाल्या. मुलीचं घर समुद्रकाठी, सपाट गावात. ती म्हणाली, आता दोघंही इकडे या. मापाड्याचा गुडघाही कुरकुरत होता. ठरलं, हा हंगाम संपला की जायचं. घरात खोकी आली.

हंगाम संपायला तेरा दिवस राहिले असताना सकाळी चहा पिता पिता बाई म्हणाल्या, "मला एकदा वरून खाली यायचंय."

"लिफ्टनेच ना?" मापाड्याने विचारलं.

"बोर्डवरून."

मापाडी हसला. ते हसू चुकीच्या वेळी आलं हे त्याला लगेच कळलं, कारण बाईंनी कप खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्या कपाच्या आवाजावर चाळीस पोरं चूप बसली होती.

"थट्टा नाही करत मी," त्या म्हणाल्या. "इथून गेल्यावर काय, समुद्रावर घसरायचं? आता नाही तर कधीच नाही. तुम्ही माझं माप काढा."

एवढं बोलून त्या खोक्यांकडे वळल्या, आणि मापाडी दुकानात गेला. आता खरं तर त्याने संध्याकाळी बाईंना दुकानात बोलवायचं, वजनाच्या काट्यावर उभं करायचं, पाय मोजायचा. परक्या माणसासाठी त्याने एवढं केलंच असतं. पण बायकोचं माप काय काढायचं? तेहतीस वर्षांचा संसार, बायको कशी आहे ते नवऱ्याला माहीत असतं. दुपारी गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा त्याने कार्ड घेतलं आणि डोळे मिटले. डोळ्यांपुढे निळ्या स्वेटरमधली एक मुलगी आली. लग्नाच्या आदल्या वर्षी, रस्त्यात बर्फाचा चिखल साचला होता म्हणून तिला त्याने दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवली होती. ते वजन त्याच्या हातांना अजून आठवत होतं. त्याने लिहिलं: एकोणपन्नास किलो. पाय सदतीस, लग्नातले बूट त्यानेच आणले होते. पुढचा पाय डावा, कारण त्याचा स्वतःचा डावा. आणि तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं: जपून.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. माणूस लबाडी करत नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं की आपण अचूक लिहितोय.

बोर्ड निघाला एकशे त्रेचाळीस सेंटिमीटरचा, मऊ आणि अरुंद. त्याने त्याला आपल्या हाताने दोनदा मेण लावलं, बोर्ड बाकावर ठेवला आणि शेजारी सदतीस नंबरचे बूट. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा तो मागच्या खोलीत यंत्रावर होता. दुकान आता जुन्या मालकांच्या मुलीकडे होतं, तिला सगळे मालकीण म्हणत. तिशीची बाई, पण मापाड्याच्या कडेवर वाढलेली. तिने बाईंना बूट दिले, बोर्ड दिला आणि बाहेर प्रशिक्षकाच्या स्वाधीन केलं.

प्रशिक्षक बाईंचाच विद्यार्थी. आता पस्तिशीला आलेला, सहा फूट उंच, उतारावर वाघ. पण बाईंसमोर त्याचा आवाज पहिलीतला होई. "बाई, गुडघे जरा वाकवता का?" तो हात मागे बांधून म्हणायचा. "बाई, नजर खाली नको, पुढे." बाई निमूट ऐकायच्या. गुडघे वाकवायच्या, नजर पुढे ठेवायच्या, आणि पडायच्या. पहिल्या दिवशी अकरा वेळा, असं त्यांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि हसल्या. "पहिलीत कोणी पहिल्याच दिवशी वाचतं का?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मापाड्याला बाकाखाली सदतीस नंबरचे बूट दिसले. नाड्या त्याने बांधल्या तशाच. ते कोणी घातलेच नव्हते.

त्याने बूट हातात घेतले. मग खिडकीशी गेला. बाई सरावाच्या छोट्या उतारावर उभ्या होत्या. जरा वेग आला की बोर्ड त्यांच्या पायाखाली थरथरत होता, मऊ बर्फात त्याचं नाक बुडत होतं, आणि पंजाच्या बाजूला वळल्या की बुटाची टोकं बर्फात रुतून त्या पुढे आपटत होत्या. मापाड्याला दुसरं काही बघायची गरज नव्हती. दुसऱ्या कोणी त्या बाईंना तो बोर्ड दिला असता तर त्याने त्याची भर दुकानात सालटी काढली असती.

पण तो मूग गिळून बसला. का बसला, हे सांगायला मला त्याची लाज वाटते, पण सांगतो. सव्वीस वर्षांत त्याचं माप कधी चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते जायच्या तोंडावर, घरच्याच माणसाचं. सांगायचं म्हणजे आधी विचारावं लागणार, तुझं वजन किती झालंय? आणि मनाच्या एका कोपऱ्यात तो म्हणत होता की दोन दिवसांत हौस फिटेल, हाडं शाबूत राहतील, सुंठीवाचून खोकला जाईल. भला माणूसही स्वतःची अब्रू सांभाळताना किती स्वस्तात वागतो, ते असं.

गुरुवारी दुपारी बाई बोर्ड घेऊन आल्या. त्यांनी तो स्वतःच्या रुमालाने कोरडा पुसला होता. भिंतीशी जागेवर उभा केला आणि म्हणाल्या, "झालं माझं. प्रत्येकाचा एक प्रांत असतो. माझा नाही हा."

"अगं, तीनच तर दिवस झाले," मापाडी म्हणाला. एवढंच म्हणाला.

"तीन दिवसांत पोराला अक्षर लागणार की नाही ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "मला नाही लागणार."

त्या संध्याकाळी त्यांनी नवे जाड हातमोजे शेजारणीला देऊन टाकले. स्वयंपाक करताना त्या गुणगुणायच्या, ते बंद झालं. रागावल्या नव्हत्या, कुरकुरही नाही. फक्त खोकी भराभर भरत होत्या, आता इथलं सगळं उरकलं असं. हे मापाड्याला बघवेना.

शुक्रवारी दुपारी प्रशिक्षक दुकानात आला. जाळीवर बूट आपटत राहिला, बोलायला काही धजेना.

"काका, बाईंना परत बोलवा ना," शेवटी म्हणाला. "त्यांच्यात जोर आहे. पण बोर्ड... मला वाटलं होतं दुसरा पाय पुढे घालून बघावं. बुटांची टोकंही खूप बाहेर दिसत होती. मी बाईंना म्हटलंही."

"मग?"

"म्हणाल्या, माप यांनी काढलंय. यांचं माप चुकत नाही. कमी असेल ते माझ्यात असेल."

मापाड्याने हातातली इस्त्री खाली ठेवली. मालकिणीने पेटीतून बाईंचं कार्ड काढलं होतं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग भिंतीवरचा एकशे त्रेचाळीसचा बोर्ड आणला आणि आपल्या शेजारी उभा केला. तिची उंची बाईंएवढीच. बोर्ड बरोबर हनुवटीला टेकला. सव्वीस वर्षं ज्या मापाला हा माणूस हसला, नेमकं तेच माप त्याने बायकोला दिलं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे वजन कधीचं?"

मापाड्याने कोट घातला आणि भर दुपारी, दुकान उघडं टाकून घरी गेला. हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

बाई जमिनीवर बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मापाडी दारातच उभा राहिला.

"तू बूट कितीचे घेतलेस?"

"चाळीसचे. का?"

"तुझा पाय सदतीस."

"कधी होता सदतीस?" बाई म्हणाल्या. "लग्नात होता अडतीस. तुम्ही सदतीस आणलेत, मी बोटं दुमडून घातले. नव्या नवरीने काय सांगायचं, पाय मोठा आहे म्हणून? मग दोन बाळंतपणांत पाय वाढला तो वाढलाच. माझ्या चपला मीच आणते, तुम्हाला कुठून कळणार."

मापाडी त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघा कटकन वाजला. "चूक तुझ्यात नव्हती," तो म्हणाला. "बोर्ड चुकीचा होता. आखूड, अरुंद आणि नको तितका मऊ. त्याच्यावर प्रशिक्षकही पडला असता. मी तुला विचारलं नाही, मोजलं नाही, मनानेच लिहिलं."

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं. जवळजवळ हसल्याच त्या. मग थांबल्या. "तुम्हाला आज कळलं?"

खोटं बोलायला तिथे जागा होती. पण समोर बाई होत्या.

"मंगळवारी."

कप गुंडाळणारे हात थांबले. "आज शुक्रवार," बाई म्हणाल्या. "मी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाले, आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात?"

"हो."

"का?"

"माझं माप चुकलं हे लोकांना कळेल म्हणून."

बाईंना राग आला होता आणि तो खरा होता. पण एकतीस वर्षांत त्यांनी खरं सांगणाऱ्या पोराला कधी मारलं नव्हतं. शेवटी त्या उठल्या, साडीचा पदर झटकावा तसा स्वेटर झटकला आणि म्हणाल्या, "उद्या मी येते. दुकान भरलेलं असताना. चूक फळ्यावर झाली की दुरुस्तीही फळ्यावरच करायची. आणि संध्याकाळी येताना शेजारणीकडून माझे हातमोजे मागून आणा. कसे मागायचे ते तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई आल्या तशी बाकावरची चारपाच मोठी माणसं सवयीने उभी राहिली. मापाड्याने नवं कार्ड घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांना मी सोमवारी चुकीचा बोर्ड दिला. पुन्हा माप घेतोय."

भट्टीची मालकीण रांगेत होती. ती म्हणाली, "चला, देव नाही तर. माणूसच निघाला."

बाई काट्यावर उभ्या राहिल्या आणि आकडा त्यांनीच वर्गातल्या खणखणीत आवाजात वाचला. "साडेअडुसष्ट." मापाड्याने लिहिलं. आज त्याने मनातले तीन किलो घातले नाहीत. पाय त्याने गुडघा टेकून स्वतः मोजला: चाळीस. पंजा किती रुंद झाला होता, टाचेला किती भेगा होत्या, उभं राहून राहून घोटे कसे जड झाले होते, हे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. तो पाय त्याने जरा जास्त वेळ हातात धरला. बाईंनी ओढून घेतला नाही.

"आता ती सूचना वाचा," तो म्हणाला आणि मागे गेला. बाई सूचना वाचू लागल्या. त्याने हलका धक्का दिला. बाई हलल्या नाहीत. त्याने जरा जोराने दिला. बाई वाचतच होत्या. "यात 'कृपया' दोनदा लिहिलंय," त्या म्हणाल्या. सगळं दुकान हसलं. वर्ग सुटताना दारावर धडकणारी चाळीस पोरं ज्यांनी रोज पाठीवर पेलली, त्यांना मापाडी काय ढकलणार.

"असं नाही होणार," प्रशिक्षक म्हणाला. "बाई, मोज्यांवर धावत येऊन घसरता का? शाळेच्या व्हरांड्यात आम्ही घसरायचो तसं?"

"त्यासाठी मी तुला उभं केलं होतं," बाई म्हणाल्या.

"दोन तास," तो म्हणाला.

लोकांनी बाकं सरकवली. मालकिणीने मागच्या खोलीपर्यंतची लाकडी जमीन पुसून कोरडी केली. बाई दाराशी गेल्या, एकदा मागे बघितलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि धावल्या. धावल्या म्हणजे खरंच धावल्या. मग पाय रोवून घसरत निघाल्या, उजवा पाय पुढे, हात पसरलेले, थेट बोर्डांच्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात टेकून वळल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि त्या हसत होत्या. निळ्या स्वेटरमधल्या मुलीचा चेहरा नव्हता तो. ती मुलगी लाजाळू होती. ही बाई मापाड्याने आज पाहिली.

"उजवा," तो म्हणाला. "उजवा पाय पुढे."

राहिला तिसरा प्रश्न. तो त्याने सव्वीस वर्षांत हजारो माणसांना विचारला होता, आणि घरातल्या एका माणसाला कधीच नाही.

"खाली कसं यायचंय?"

बाईंनी विचार केला.

"मधे कुठेही न थांबता," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं पोरांची रांग नेली मी. दर दहा पावलांना थांबायचं, मागचा आला का बघायचं, कोणाची नाडी बांधायची. घरीही तेच. एकदा मला सुरुवात केली की शेवटपर्यंत जायचंय. कोणासाठीही थांबायचं नाही. तुमच्यासाठीसुद्धा."

मापाड्याने जुन्या कार्डावरचं 'जपून' वाचलं आणि ते कार्ड खिशात घातलं. मग आतल्या बाजूला गेला आणि एकशे त्रेपन्नचा बोर्ड काढला, रुंद कमरेचा, फार ताठ नाही पण वेगात न डगमगणारा.

शनिवार, रविवार, सोमवार बाई पडल्याच, पण आता पडून उठताना त्यांना कारण माहीत असायचं. मंगळवारी दुपारी त्यांनी छोट्या उतारावर सलग सहा वळणं घेतली, आणि प्रशिक्षकाने टाळी वाजवायला हात उचलले, मग समोर बाई आहेत हे आठवून ते मागे बांधले. शेवटच्या दिवशी, ऊन कलताना, बाई आणि मापाडी एका खुर्चीत बसून वर गेले. वरून एक सोपी वाट डोंगराला वळसे घालत पायथ्याशी येते. बाईंनी पट्टे आवळले. वरून शाळेची खिडकी दिसत होती.

"किती लहान दिसते," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

मापाडी मागे. पहिल्या वळणावर त्याने काळजीने हाक मारली. बाईंनी मागे पाहिलं नाही. दुसऱ्या वळणावर त्याला दिसलं की त्या फार सफाईने नाही, पण घट्ट येताहेत. बोर्ड त्यांना पेलतोय. तिसऱ्या वळणावर त्याचा गुडघा भरून आला आणि त्याला थांबावं लागलं. पुन्हा निघाला, तर जुना बोर्ड पायाखाली थरथरला, बुटाचं टोक बर्फात अडकलं, आणि सगळ्या गावाला सावरणारा माणूस बदकन बसला. बाई एक लाल ठिपका झाल्या होत्या. ठिपका लिफ्टची रांग ओलांडून, दुकान ओलांडून, उतार संपतो तिथल्या कुंपणाच्या जाळीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. उरलेल्या वाटेत मापाडी आणखी दोनदा थांबला, एकदा पडला.

तो पोचला तेव्हा बाई बोर्ड सोडून जाळीला टेकून बसल्या होत्या. डोळे ओले होते, आणि ते वाऱ्याने झाले असं त्या म्हणाल्या नाहीत.

"दोनदा थांबलात," त्या म्हणाल्या. "एकदा पडलात."

"गुडघा."

"गुडघा नाही. मी बघत होते. तुमचा बोर्ड तसाच थरथरतो जसा माझा थरथरत होता." त्यांनी त्याच्या बुटांच्या टोकांकडे बोट दाखवलं. बोर्डाच्या कडेबाहेर चांगली दोन बोटं आली होती. "वजन किती तुमचं?"

"पासष्ट," मापाडी म्हणाला.

"कधीचं?"

मापाडी वाकून पट्टे सोडू लागला.

दुकानात मालकीण बोर्ड पुसून ठेवत होती. बाईंनी कोरं कार्ड मागून घेतलं, बाकावर बसल्या आणि मापाड्याला काट्याकडे जायची खूण केली. तो बूट काढून काट्यावर चढला. काटा त्र्याऐंशीवर थांबला. मालकिणीने तोंड फिरवून घेतलं. बाईंनी आपल्या गोल, स्वच्छ अक्षरात आकडा लिहिला, मग त्याचा पाय मोजला, मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"खाली कसं यायचंय?"

तो काट्यावरच उभा राहिला. बाहेर लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या फिरत होत्या.

"सावकाश," शेवटी म्हणाला. "मधे मधे थांबत. माझ्याच्यानं आता एका दमात होत नाही."

बाईंनी लिहिलं, कार्ड फुंकलं आणि पेटीत आपल्या कार्डाला लागून ठेवलं.

"या सावकाश," त्या म्हणाल्या. "मी खाली थांबेन."